शहापुरातला लेंटचा संच: काय घ्यावं, काय वगळावं

बेळगावच्या शहापुरातल्या एका शिवणकामाच्या दुकानात चर्चसाठी वेदीवस्त्रं शिवून मिळतात. कापड वडगाव-खासबागच्या पॉवरलूमवरचं, कटाई-शिलाई दुकानातच, भरतकाम कॉम्प्युटर मशीनवर. लेंटसाठी, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळासाठी, त्यांच्याकडे एक पूर्ण संच आहे. जांभळं वेदीवस्त्र, व्यासपीठ आणि वाचनपीठावर सोडायच्या दोन पट्ट्या, पाळकसाहेबांचा स्टोल (गळ्यात घालायचा लांब पट्टा), क्रूस झाकायचं जांभळं आवरण, गुड फ्रायडेसाठी काळं कापड, सात मेणबत्त्यांचं लाकडी स्टँड, राखेची डबी आणि चिन्हांचा अर्थ सांगणारं छापील कार्ड, इतकं त्यात येतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या लहान चर्च-मंडळ्यांना मुंबई किंवा बेंगळुरूकडे बघावं लागत नाही, ही मोठी सोय आहे. संच चांगला आहे. पण सगळाच्या सगळा घेण्यासारखा नाही, आणि जे घ्यायचं तेही काही बदल सांगूनच शिवून घ्यायला हवं.

दुकानाचा हात कॅथलिक कामावर बसलेला आहे, हे आधी लक्षात घ्या. बेळगावात 1953 पासून कॅथलिक धर्मप्रांत आहे, त्यामुळे कामही तिकडूनच जास्त येतं. आपल्या बाजूला लुथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या प्रोटेस्टंट परंपरेतल्या, पद्धतीनं उपासना चालवणाऱ्या मंडळ्या थोड्या. धारवाडला 1837 साली आलेल्या बासेल मिशनमध्ये लुथरन आणि रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतलं) अशी दोन्ही वळणं होती, पण ते काम कानडीत वाढलं. मराठीतून लुथरन लेंट पाळायचा म्हटलं की कारागिराला काय हवं ते आपल्यालाच नीट समजावून सांगावं लागतं.

लेंटमध्ये आपल्या उपासनेतून एकेक गोष्ट निघत जाते. लेंटच्या आदल्या, रूपांतराच्या रविवारी शेवटचं हालेलुया गायचं, ते थेट ईस्टरला परत. ‘ऊर्ध्वलोकी देवाला गौरव’ हे गीत थांबतं. वेदीवरची फुलं जातात. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, तर खुद्द वेदीवरचं कापडच उतरतं. म्हणून लेंटच्या कापडात पहिली गोष्ट बघायची ती म्हणजे ते किती सहज आणि किती शांतपणे निघतं. या एका कसोटीवर संचातल्या निम्म्या वस्तूंचा निकाल लागतो.

आधी कापड. दुकानात दोन प्रती दाखवतात: चकचकीत पॉलिएस्टर सॅटिन, आणि सुती ताणा व आर्ट सिल्कचा बाणा असलेलं मिश्र कापड. मिश्र कापडच घ्या. सॅटिनवर ट्यूबलाइट चमकते, मागच्या बाकावरून वेदीच्या जागी पांढरा पट्टा दिसतो आणि भरतकामाभोवती सुरकुत्या पडतात. मिश्र कापड सरळ पडतं आणि त्याला घडीच्या रेघा कमी राहतात.

या कापडाचा पन्हा 45 इंचांचा. वेदी म्हणून वापरलं जाणारं टेबल साधारण सहा फूट लांब असतं, म्हणजे जोड आलाच. दुकान कापड वाचवण्यासाठी बरोबर मधोमध जोडतं. ते होऊ देऊ नका, कारण क्रूस नेमका त्या जोडावर येतो आणि भरतकामाच्या ताणानं शिवण एका बाजूला ओढली जाते. मधे अखंड पन्हा ठेवायचा, शिवून झाल्यावर 44 इंच राहील असा. दोन्ही बाजूंना 14-14 इंचांच्या पट्ट्या. एकूण 72 इंच होतात. जोडावर अरुंद गोट लावला की तो मुद्दाम आखलेल्या रेघेसारखा दिसतो. टेबल 39 इंच उंच धरलं तर खालची किनार जमिनीपासून एक इंच वर राहिली पाहिजे. वर-खाली दुमडीसाठी धरून कापड 42 इंच कापायचं. मधल्या भागासाठी 42 इंच आणि बाजूच्या पट्ट्यांसाठी आणखी 42 इंच, म्हणजे सव्वादोन मीटरला थोडं कमी. आटण्याचा हिशेब धरून अडीच मीटर घ्या. कापायच्या आधी कापड आणि अस्तर दोन्ही एक रात्र पाण्यात भिजवून, सुकवून, इस्त्री करून मगच कात्री लावायची. सुती अस्तर पुढच्या कापडापेक्षा जास्त आटतं. न भिजवता शिवलं तर पहिल्याच धुण्यात पुढचा भाग पोकळ फुगतो, आणि तो मग उसवल्याशिवाय सुधारत नाही.

अस्तराला मांजरपाट उत्तम. बकरम, म्हणजे आतून लावायचं ताठ कापड, मात्र सबंध लावायला सांगू नका. फक्त भरतकामाच्या मागे आणि वरच्या चार इंचांत पुरे. चिकटवायचं बकरम आपल्या पावसाळ्यात जागोजागी सुटतं आणि बुडबुडे धरतं. खालची दुमड घालण्याआधी कापड दोन दिवस नुसतं लटकत ठेवायला सांगा, कारण विणलेलं कापड स्वतःच्या वजनानं थोडं उतरतं. घाई करून टीप मारली की महिन्याभरात किनार मधे खाली, कडेला वर दिसायला लागते.

रंग पक्का आहे का हे दुकानातच बघता येतं. पांढरा रुमाल ओला करून जांभळ्या कापडावर दहा-बारा वेळा जोरात घासा. रुमालावर गुलाबी झाक आली तर तो थान नको म्हणा. वर पांढरी चादर अंथरली जाते, तिच्यावर प्याल्याचा ओलावा उतरतो, आणि जांभळ्याचा डाग पांढऱ्यावर कायमचा बसतो. ती पांढरी चादर संचात नाही. दुकान वेगळी लेस लावलेली सॅटिनची दाखवतं. ती घेऊ नका. जाड पांढरं सुती कापड टेबलाच्या रुंदीइतकं कापून, दोन्ही टोकांना खाली उतरेल इतकं लांब ठेवून, कडा हातानं दुमडून शिवून घ्या. मधे एक आणि चार कोपऱ्यांवर चार असे पाच छोटे क्रूस पांढऱ्याच दोऱ्यानं काढतात. येशूच्या पाच जखमांची ती खूण. लांबून दिसत नाहीत, आणि दिसायची गरजही नाही.

संचातला सर्वांत मोठा दोष वेल्क्रोचा. वेदीवस्त्र टेबलाच्या कडेला आणि दोन्ही पट्ट्या व्यासपीठाला वेल्क्रोनं चिकटवायची सोय दुकानानं केली आहे. रोजच्या वापरात ती छान वाटते. पण गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनानंतर दिवे मंद केलेले असतात, कुणीतरी स्तोत्र 22 वाचत असतं, ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ हे शब्द नुकतेच उच्चारले गेलेले असतात, आणि त्याच वेळी सहा फुटांचा वेल्क्रो चर्रकन सुटतो. लहान मुलं दचकतात, मोठी माणसं मान वर करतात. सावकाश काढलं तर तोच आवाज लांबत जातो. शिवाय वेल्क्रोचा काटेरी भाग टेबलाला चिकटवलेला राहतो, म्हणजे उघड्या वेदीवर काळी पट्टी दिसते. दोन वर्षांत डिंक सुटतो ते वेगळंच.

उपाय साधा आहे आणि दुकान तो करून देतं. फक्त सांगावं लागतं. वेदीवस्त्राची वरची कड टेबलाच्या रुंदीइतक्या मांजरपाटाला जोडून घ्या. हा मांजरपाट टेबलावर सपाट अंथरला जातो, मागच्या बाजूला चार-पाच इंच खाली उतरतो आणि त्या दुमडीत एक लोखंडी सळी सरकवायची. 8 मिलिमीटरची पुरते. सळीच्या वजनानं पुढचं कापड जागेवर राहतं, वर पांढरी चादर येते, मांजरपाट दिसतही नाही. सळीच्या टोकांना कापडी टोप्या शिवा, नाहीतर गंजाचा डाग मांजरपाटातून वर येतो. व्यासपीठाच्या पट्ट्यांनाही असाच मागे टाकायचा भाग आणि छोटी सळी. चिकटवणं नाही, टाचण्या नाहीत, गाठी नाहीत.

मग गुरुवारचा क्रम असा बसतो. आधी प्याला-तबक जातं, मग पुस्तक आणि त्याचा स्टँड, मग मेणबत्त्या, मग व्यासपीठ व वाचनपीठाच्या पट्ट्या, मग पांढरी चादर, आणि शेवटी दोघांनी दोन बाजूंनी धरून वेदीवस्त्र. स्तोत्र 22 मध्ये 31 वचनं आहेत. सावकाश वाचलं तर चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात वेदी रिकामी झाली पाहिजे. प्रत्येक वस्तू नेणारा माणूस आधी ठरवलेला हवा आणि सामान ठेवायच्या खोलीचं दार आधीच उघडं हवं. घड्या वेदीपाशी घालत बसू नका. एकदा दुमडून हातावर घ्यायचं आणि चालायचं. नीट घड्या आत. या वेळी आशीर्वादाचे शब्द नाहीत, पाठवणीचं गीत नाही; मंडळी शांतपणे बाहेर पडते आणि शुक्रवारी तिथूनच पुढे उपासना सुरू होते.

उघडं टेबल कसं दिसतं हे बुधवारीच बघून ठेवा. बऱ्याच ठिकाणी वेदी म्हणजे सनमायका लावलेलं टेबल असतं, त्यावर जुन्या चिकटपट्टीचे डाग, कडेला रंगानं घातलेला सामानाचा नंबर. वर्षभर झाकलेलं हे सगळं गुड फ्रायडेला समोर येतं. थोडं रॉकेल लावलं की चिकटपट्टी निघते, नंबर पॉलिश पेपरनं घासून काढता येतो. लाकडी टेबल असेल तर नुसता कोरडा हात फिरवणं पुरे; पॉलिश नको. संचातलं काळं कापड या दिवशी वेदीवर घालावं का? घालणाऱ्या मंडळ्याही आहेत आणि वेदी उघडीच ठेवणाऱ्याही. आमच्या मते उघडीच ठेवावी. काळ्याचा उपयोग क्रुसावर एक अरुंद पट्टा सोडण्यापुरता करावा, त्याला सव्वादोन मीटर पुरतं.

आता रंगाची छटा. दुकानात ‘जांभळा’ म्हटलं की साडीच्या हिशेबानं तीन-चार रंग पुढे येतात आणि त्यात राणी कलरही असतो, कारण लग्नाच्या साड्यांत तोच खपतो. राणी नको, तो सणाचा रंग आहे. वांगी कलर किंवा त्याहून किंचित निळसर चालतो. मात्र दुकानाच्या दिव्यात ठरवू नका. हातभर तुकडा घेऊन जा आणि आपल्या देवळात, जिथे तो लागणार आहे तिथे, संध्याकाळी दिवे लावून बघा. पांढऱ्या एलईडीखाली वांगी रंग काळपट होतो, पिवळ्या बल्बखाली तपकिरीकडे झुकतो. बुधवारच्या संध्याकाळच्या उपासना दिव्यातच होतात, म्हणून हेच बघणं खरं.

झावळ्यांच्या रविवारपासून, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारपासून, पुढे गडद लाल वापरायची पद्धत अलीकडच्या लुथरन उपासनाक्रमांत आहे. जांभळाच पुढे चालू ठेवला तरी चूक नाही. दोन्ही रंगांची मुळं शुभवर्तमानांत आहेत. शिपायांनी येशूच्या अंगावर घातलेलं थट्टेचं वस्त्र मार्क 15:17 मध्ये जांभळं आहे आणि मत्तय 27:28 मध्ये किरमिजी. पैसे कमी असतील तर लाल जोड पुढच्या वर्षावर टाका. घेतलीच तर रक्तासारखा गडद लाल मागा. दुकान नमुना म्हणून केशरीकडे झुकणारा दाखवतं. आणि त्यावर पिवळी झालर लावू देऊ नका. सीमाभागात लाल-पिवळा जोड दिसला की कर्नाटक राज्याच्या झेंड्याचा विचार मनात येतो, आणि केशरी दिसला की दुसऱ्या झेंड्याचा. वेदीपाशी दोन्ही नकोत. काळा गोट उत्तम दिसतो.

भरतकामाच्या बाबतीत दुकानाचा उत्साह आवरावा लागतो. नमुन्यात वेदीवस्त्रावर काट्यांचा मुकुट, तीन खिळे, भाला, स्पंज, शिडी, फासे, कोंबडा आणि नाण्यांची थैली, सगळं एकत्र भरलं आहे. प्रत्येक चिन्ह बरोबर आहे, पण पाचव्या बाकावरून त्याचं गिचमिड होतं. बिलातला सर्वांत मोठा आकडाही भरतकामाचाच असतो, कारण मशीन टाक्यांवर पैसे घेते. वेदीवर फक्त क्रूस, 16 ते 18 इंच उंच. व्यासपीठाच्या पट्टीवर काट्यांचा मुकुट आणि तीन खिळे. वाचनपीठाची पट्टी कोरी. एवढं पुरे. आगमनकाळाला, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतही, जांभळाच वापरणारी मंडळी असेल तर मुकुटसुद्धा नको, साधा क्रूसच ठेवा, म्हणजे तोच संच वर्षातून दोनदा चालतो. आगमनकाळासाठी निळा असेल तर ही अडचण नाही.

अक्षरं भरून घ्यायची असतील तर फार सावध राहा. भरतकामाच्या मशीनच्या फाइलमध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटतात. ‘ख्रिस्त’ लिहून पाठवलं की पाय मोडलेला ‘ख्’ वेगळा, पुढे ‘रिस्त’ वेगळं, अशी अक्षरं उमटतात. कारागीर कानडी वाचणारा असेल तर त्याला ते खटकतही नाही. मजकूर टाइप करून न देता कागदावर मोठ्या अक्षरांत छापून द्या, त्याच्यावरून चित्र म्हणून फाइल बनवायला सांगा, आणि खऱ्या कापडावर टाके पडण्याआधी चिंधीवर एक नमुना मागा. खरं तर आपल्याकडे मंडळीत मराठी आणि कानडी दोन्ही कुटुंबं असतात, म्हणून अक्षरांवाचूनचं चिन्हच सरस. मुकुट दोघांनाही वाचता येतो.

क्रूस झाकायचं जांभळं आवरण बिनदिक्कत वगळा. कॅथलिक चर्चमध्ये ते लेंटच्या पाचव्या रविवारपासून घालतात आणि काही लुथरन मंडळ्याही घालतात, पण लूथरनं 1526 च्या जर्मन उपासनाक्रमात लेंट, झावळ्यांचा रविवार आणि पवित्र आठवडा ठेवायला सांगताना मूर्ती-चित्रं झाकणं आणि लेंटचा पडदा टांगणं सोडून द्यायला सांगितलं. त्या पैशांत चांगलं अस्तर येतं.

लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर लावायच्या राखेची डबी हा संचातला सर्वांत कच्चा भाग. राख करड्या रंगाची आहे, चाळलेली नाही, तिच्यात कोळशाचे खडे आहेत, आणि सोबतच्या चिठ्ठीत ती पाण्यात कालवायला सांगितलं आहे. हे धोक्याचं आहे. राखेत क्षार असतात, पाणी मिळालं की ते तीव्र होतात आणि कपाळावरची कातडी भाजते. लाकडाची राख असेल तर आणखी. लगेच कळत नाही. उपासना संपेपर्यंत चुरचुर सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी लाल क्रूस उरतो. मुलांची आणि म्हाताऱ्यांची कातडी नाजूक, त्यांना जास्त. राख तेलातच कालवायची.

ती घरीच करावी, अवघड नाही. गेल्या वर्षीच्या झावळ्या वर्षभर कोरड्या जागी ठेवलेल्या असाव्यात. आपल्याकडे नारळाच्या असोत की ओढ्याकाठच्या शिंदीच्या, दोन्ही चालतात. बारीक कापून जाड पत्र्याच्या डब्यात घाला, झाकणाला एक छोटं भोक ठेवा आणि डबा बाहेर चुलीवर ठेवा. उघड्यावर पेटवलं तर झावळी पूर्ण जळून पांढरट राख होते, ती कपाळावर दिसतच नाही. झाकून तापवलं की हवा कमी मिळते आणि काळी पूड तयार होते. भोकातून धूर यायचा थांबला की डबा उतरवा, पण पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडू नका. हवा लागली की आतलं पुन्हा पेटतं. मग खलबत्त्यात कुटून मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळा. पन्नास-साठ माणसांना एक छोटा चमचा पूड भरपूर होते. थेंबाथेंबानं तेल घालत दाट काजळासारखं करा. पातळ झालं तर नाकावर ओघळतं. खोबरेल वापरू नका. ते 24-25 अंशांखाली थिजतं, आणि फेब्रुवारीत बेळगावची सकाळ-संध्याकाळ त्याहून गार असते. वाटीत गोळे होतात. तिळाचं किंवा ऑलिव्ह तेल घ्या.

पाळकांच्या शेजारी ओला टॉवेल, अर्धं लिंबू आणि पाण्याचं भांडं ठेवा. राख लावल्यावर त्याच हातानं भाकर मोडायची असते, आणि तेलकट काळा अंगठा कोरड्या कापडानं निघत नाही. लावताना ‘तू माती आहेस आणि मातीला परत जाशील’ हे उत्पत्ती 3:19 मधले शब्द प्रत्येकाला ऐकू येतील इतक्या आवाजात म्हणायचे. बाप्तिस्म्याच्या वेळी कपाळावर काढलेल्या क्रुसाच्याच जागी हा क्रूस येतो, म्हणून तो नीट दोन रेघांचा असावा, नुसता ठिपका नको.

राख सर्वांना लावलीच पाहिजे असा मात्र नियम नाही. धर्मसुधारणेनंतर बऱ्याच लुथरन मंडळ्यांत ही पद्धत बंद पडली होती, ती पुष्कळ ठिकाणी विसाव्या शतकात परत आली. 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाचं, म्हणजे लुथरनांच्या मूळ विश्वासपत्राचं, 26 वं कलम उपवासाला नाही म्हणत नाही. उपवासानं कृपा कमावता येते, या समजुतीला नाही म्हणतं. राखेलाही तेच लागू. त्याच दिवशी मत्तय 6 मधलं, उपवास करताना लोकांना दाखवू नका, हे वचन वाचलं जातं, आणि ते ऐकून कुणी बाकावरच बसून राहिलं तर त्याच्याकडे वळून बघू नये. 1522 च्या लेंटच्या पहिल्या रविवारपासून लूथरनं विटेनबर्गात ओळीनं आठ प्रवचनं केली, त्यांचा गाभा हाच होता: बदल वचनानं घडू द्या, जबरदस्तीनं नको.

मेणबत्त्यांचं स्टँड चांगलं आहे. टेनेब्रेला, म्हणजे वाचनागणिक एकेक दिवा विझवत जायच्या उपासनेला, ते लागतं. लाकूड जड आहे, हलत नाही. भोकं मात्र एका मापाची नाहीत. एक इंची मेणबत्ती काहींत घट्ट बसते, काहींत डुलते. प्रत्येक भोकात पितळी वाटी बसवून घ्या. त्यानं मेण लाकडावर उतरत नाही आणि जळत आलेली वातही लाकडापर्यंत पोहोचत नाही. फुंकर मारून विझवू नका, मेण उडतं. विझवायची दांडीची टोपी संचात नाही, ती वेगळी मागा. पंखे उपासनेच्या दहा मिनिटं आधीच बंद करा. एप्रिलच्या उकाड्यात जिवावर येतं, पण वाऱ्यात मेणबत्ती एका बाजूनं वितळते आणि शेवटची, ख्रिस्ताची मेणबत्ती वेळेआधीच संपते. ती शेवटची विझवत नाहीत. पेटतीच बाहेर नेतात, अंधारात मोठा आवाज होतो, आणि मग ती परत आणतात. आवाजासाठी जाड पुस्तक जोरानं मिटलं तरी पुरतं. माइकजवळ मिटू नका, स्पीकर फाटतो. लहान मुलांच्या आयांना आधी कानात सांगून ठेवावं.

जांभळ्यावर मेण सांडलंच तर ओलं असताना पुसू नका. बर्फाचा तुकडा प्लॅस्टिकमध्ये धरून कडक करा, चमच्याच्या पाठीनं सोलून काढा, उरलेल्यावर खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. आर्ट सिल्कला कडक इस्त्री लागली की चकाकी येते आणि ती जात नाही.

कार्डाबद्दल थोडक्यात. छपाई सुबक, मजकूर कच्चा. लेंटच्या चाळीस दिवसांत रविवारही मोजले आहेत. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत 46 दिवस होतात, त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस. यहूदाची तीस नाणी सोन्याची दाखवली आहेत, ती चांदीची होती. मंडळीत वाटू नका. संडे स्कूलसाठी आपणच एक पान लिहिलेलं बरं.

संच वर्षातले साधारण साडेदहा महिने बंद राहतो, आणि त्यात आपला सगळा पावसाळा येतो. खानापूरच्या बाजूला तर भिंतींनाही ओल सुटते. घडी घालून लोखंडी कपाटात ठेवलेलं वेदीवस्त्र गणपतीपर्यंत घडीच्या रेघेवर बुरशी धरतं. जाड पुठ्ठ्याच्या नळीला धुतलेला मांजरपाट गुंडाळा, त्यावर वस्त्र भरतकाम बाहेर येईल असं गुंडाळा, वरून आणखी एक मांजरपाट. प्लॅस्टिकची पिशवी नको. डांबरगोळ्या टाकायच्या तर पुरचुंडीत, कापडाला न टेकवता. जरीला लागल्या की ती काळी पडते. ऑक्टोबरमध्ये ऊन पडलं की एक दिवस सावलीत पसरून वारा द्या. थेट ऊन नको, जांभळा सर्वांत लवकर विटतो.

2027 मध्ये राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आहे, ईस्टर 28 मार्चला. म्हणजे काम नाताळाच्या आधीच द्यायला हवं. जानेवारीनंतर लग्नसराईचं काम मागावर आणि मशीनवर चढतं, आणि मग दुकान दिलेली तारीख पाळत नाही. 2028 मध्ये बुधवार 1 मार्चला येतो, तेव्हा थोडी सवड मिळेल. काम देताना टेबलाची लांबी, रुंदी, उंची स्वतः मोजून लिहून द्या. दुकान ‘नेहमीचं माप’ म्हणून पाच फुटांचं धरतं. पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: मधे अखंड पन्हा, वेल्क्रो नाही, मागे सळीची दुमड, कापड भिजवून कटाई. उरलेले तुकडे परत मागा. स्टोलच्या मानेशी कापड सर्वांत आधी झिजतं आणि त्याच थानाचं ठिगळ नंतर मिळत नाही.